औषधाची पेटी आणि काचेची बशी

आमच्या बऱ्हाणपुरातील जुन्या घरात देवघरालगतच्या कोनाड्यात एक लाकडी पेटी असे. झाकण उघडले की आत बोटभर उंचीच्या बाटल्यांच्या रांगा दिसत. प्रत्येकीवर शाईने लिहिलेले औषधाचे नाव आणि त्याखाली आकडा : ३० किंवा २००. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वैद्यकी हा त्यांचा व्यवसाय नव्हता. ते त्यांचे व्रत होते. संध्याकाळी शाळेतून येऊन त्यांनी हातपाय धुतले की ओसरीवर माणसे जमू लागत. कोणाच्या मुलाला रात्रीचा खोकला, कोणाची अर्धशिशी, कोणा विणकराची मागावर बसून धरलेली पाठ. वडील पुष्कळ प्रश्न विचारीत, पुस्तकात पाहत आणि साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देत. पैसा त्यांनी कधी घेतला नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी किती घरांत अशी पेटी असेल, याचा अंदाज वाचकांनी स्वतःच्या घराकडे पाहून करावा.

वडील गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. मजजवळ मराठीची एम. ए. पदवी होती, वैद्यकाचे ज्ञान नव्हते. पण पेटी वारशाने आली की तिच्याबरोबर अधिकारही आला, असे माणसाला वाटू लागते.

काही वर्षांपूर्वी आईच्या पायाला नवी चप्पल लागली. बोटांच्या बेचक्यात फोड आला आणि फुटला. तिला मधुमेह जुना. मी कॅलेंड्युलाच्या अर्काचे पाणी करून जखम धुऊ लागलो आणि पेटीतल्या गोळ्या सुरू केल्या. कॅलेंड्युला हे युरोपातील केशरी फुलाचे झाड. आपल्या दसऱ्याच्या झेंडूशी त्याचे रूप जुळते, पण ते झाड वेगळे. पहिले काही दिवस जखम कोरडी दिसली. आईला दुखत नव्हते, म्हणून मी निश्चिंत होतो. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, तेव्हा न दुखणे हेच भयाचे लक्षण असते, हे मला ठाऊक नव्हते. दहाव्या दिवशी बोट काळे पडलेले दिसले. मोठ्या गावी शल्यवैद्याकडे नेले. दोन बोटे काढावी लागली. त्यांनी एवढेच विचारले, "इतके दिवस काय करीत होता?" मी काही बोलण्यापूर्वी आईच म्हणाली, "औषध चालू होतं, डॉक्टरसाहेब." तिने मला पाठीशी घातले. ते वाक्य मला अजून विसरता आलेले नाही.

हे सर्व पुन्हा आठवण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. अकरावीच्या दोन मुली जीवशास्त्राच्या अध्यापकांसह माझ्या खोलीत आल्या. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी विषय निवडला होता : घरोघरी वापरले जाणारे होमिओपॅथीचे औषध जंतू मारते काय? आणि औषध निवडले होते नेमके कॅलेंड्युला. कागदावर सही करताना माझा हात क्षणभर थांबला. सही केली आणि म्हणालो, "प्रयोगाच्या वेळी मलाही बोलवा."

शाळेत रोगजंतू वाढविणे योग्य नव्हे. म्हणून अध्यापकांनी गावातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोय केली आणि मातीत आढळणारा, निरोगी माणसाला सहसा अपाय न करणारा एक जिवाणू निवडला. ज्या बशीत जंतू वाढवितात तिला पेट्री डिश म्हणतात. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतील ज्युलियस पेट्री यांनी १८८७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात जी पारदर्शक लापशी थिजवतात, तिची कथा आपल्या भगिनींनी अवश्य ऐकावी. आरंभी कॉख बटाट्याच्या कापांवर आणि जिलेटिनवर जंतू वाढवीत. पण जिलेटिन उन्हाळ्यात वितळे आणि काही जंतू ते खाऊनही टाकीत. कॉख यांचे सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी फळांची जेली करताना समुद्रशेवाळापासून मिळणारा अगर वापरीत. तो प्रयोगशाळेत वापरून पाहावा, ही सूचना १८८१ च्या सुमारास त्यांनीच केली. आपल्याकडे वाण्याच्या दुकानी 'चायना ग्रास' म्हणून मिळतो तोच हा पदार्थ. जंतुशास्त्राची एक मोठी अडचण अशी स्वयंपाकघराने सोडविली.

आता चाचणीची रीत. अगराच्या पृष्ठभागावर जंतूंचे पाणी सारखे पसरतात. मग त्यात छोटे खळगे पाडून औषधाचे थेंब सोडतात किंवा औषधात भिजविलेल्या कागदी चकत्या वर ठेवतात. बशी रात्रभर शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. सकाळी जंतू वाढून सर्वत्र धुरकट साय धरलेली असते. औषधाने वाढ रोखली असेल, तर त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळाकार कडे दिसते. कोणत्या रोग्याच्या जंतूवर कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे इस्पितळे याच तत्त्वावर पाहत आली आहेत. चकत्यांच्या पद्धतीला १९६६ साली बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित रूप दिले.

मुलींनी तीन खळगे पाडले होते. एकात कॅलेंड्युलाचा मूळ अर्क, ज्याला मदर टिंक्चर म्हणतात, दुसऱ्यात त्याच औषधाचा तीस नंबरचा द्रव, तिसऱ्यात प्रतिजैविक. दुसऱ्या दिवशी तिन्ही खळग्यांभोवती कडी उमटली होती. मुलींना आनंद आवरेना. "सर, तीस नंबरसुद्धा जंतू मारतो!" मलाही बरे वाटले, हे कबूल करतो. मी आईच्या पायाला जे लावले ते अगदीच निरर्थक नव्हते, असा दिलासा त्या कड्याने मला क्षणभर दिला.

अध्यापक मात्र बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचीत होते. त्यांनी शांतपणे विचारले, "या दोन्ही बाटल्यांत सर्वांत अधिक काय आहे?" उत्तर चिठ्ठीवरच होते : मद्यार्क. होमिओपॅथीचे बहुतेक द्रव मद्यार्कात केलेले असतात. आणि सुई टोचण्यापूर्वी आपल्या दंडाला कापसाने लावतात तोही मद्यार्कच. मग नवी बशी तयार झाली. तिच्यात आणखी दोन खळगे : एकात औषधाइतक्याच तीव्रतेचा नुसता मद्यार्क, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी. सकाळी पाहिले तो नुसत्या मद्यार्काभोवतीही जवळजवळ तेवढेच कडे. तिसऱ्या वेळी कागदी चकत्या भिजवून, मद्यार्क पूर्ण उडून जाईपर्यंत वाळवून मगच ठेवल्या. आता मद्यार्काचे कडे नाहीसे झाले. तीस नंबरचेही झाले. मूळ अर्काच्या चकतीभोवती एक पुसट रेघ तेवढी उरली. प्रतिजैविकाचे कडे पूर्वीसारखेच ठसठशीत होते.

मुली हिरमुसल्या. मी त्यांना म्हणालो, "तुमचा प्रयोग फसला नाही, तो आज पुरा झाला." हे वाक्य मी त्यांच्याशी बोललो खरा, पण बोलत होतो स्वतःशी.

तीस नंबरची चकती पाण्याच्या चकतीसारखी का वागली, हे समजण्यास थोडे अंकगणित पुरे. मूळ अर्काचा एक थेंब ९९ थेंब मद्यार्कात मिसळून हिसळला की पहिला नंबर होतो. त्याचा एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत, हा दुसरा. असे तीस वेळा केले की मूळ औषधाचे प्रमाण एकावर साठ शून्ये इतक्या भागांत एक भाग एवढे उरते. आपल्या तापीचेच उदाहरण घेऊ. बऱ्हाणपुरावरून ती पुढे जळगाव जिल्ह्यात हतनूरच्या धरणात अडते. त्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ३८ कोटी ८० लाख घनमीटर. तुडुंब भरलेल्या हतनूरमध्ये अर्काचा एक थेंब टाकून सगळे पाणी ढवळले, तर जे मिळेल ते जेमतेम आठ नंबरचे औषध! पृथ्वीवरील सर्व समुद्र, नद्या आणि हिमनग मिळून जेवढे पाणी आहे, त्यात एक थेंब टाकला तरी तेरावा नंबर पुरा होत नाही. बाराव्या नंबराच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता कमी कमी होत जाते, हे रेणूंच्या संख्येवरून निघते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मूळ अर्क आणि अगदी खालचे नंबर यांत वनस्पतीचा अंश खरोखरीच असतो. उदाहरणार्थ, हायड्रॅस्टिस या वनस्पतीत आणि आपल्या दारुहळदीत बर्बेरिन नावाचे द्रव्य असते. प्रयोगशाळेत ते काही जंतूंची वाढ रोखते. अशा अर्काने बशीत कडे उमटविले तर त्यात नवल नाही. पण ते यश वनस्पतीतील द्रव्याचे. जितके विरळ तितके प्रबळ, या होमिओपॅथीच्या विशेष सिद्धान्ताला त्यातून पुष्टी मिळत नाही.

या प्रश्नावर आपल्या मुंबईतही काम झाले आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रशांत चिक्रमाने, जयेश बेल्लारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सोने, चांदी, तांबे, जस्त, कथील आणि प्लॅटिनम या धातूंपासून केलेली बाजारातील औषधे त्यांनी शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि २०० नंबरपर्यंतच्या औषधांतही त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे नोंदविले. वृत्तपत्रांतून याचा पुष्कळ गाजावाजा झाला. पण कण सापडणे ही एक गोष्ट आणि त्या कणांनी रोग बरा होणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. त्या निबंधात रोग्यांवर प्रयोग केलेलाच नव्हता.

मुंबईतीलच होमिओपॅथ डॉ. राजेश शहा यांनी अलीकडच्या वर्षांत याहून सरळ प्रश्न हाती घेतला. रोगजंतूंपासूनच तयार केलेली 'नोसोड' नावाची औषधे जंतूंवर काचपात्रात वापरून त्यांची वाढ रोखली जाते, असे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले आहेत. असा दावा ऐकताच टाळ्या पिटू नयेत, तशीच टवाळीही करू नये. आमच्या मुलींनी अखेरीस जे विचारले तेच विचारावे. त्याच तीव्रतेचा आणि तसाच हिसळलेला नुसता मद्यार्क शेजारी ठेवला होता काय? कोणत्या बाटलीत काय आहे, हे कडी मोजणाऱ्यापासून लपविले होते काय? आणि या औषधाशी ज्यांचा काही संबंध नाही, अशा दुसऱ्या प्रयोगशाळांत तेच फळ पुन्हा पुन्हा मिळाले काय? तिन्हींचे उत्तर होय असेपर्यंत निष्कर्ष पक्का मानता येत नाही. हा नियम होमिओपॅथीपुरता नाही. तो सर्व औषधांना सारखा लागू आहे.

शिवाय बशीत यश मिळाले तरी प्रवास संपत नाही, तेथून तो सुरू होतो. बशीतील जंतू मारणारे द्रव्य विषारीही असू शकते. म्हणून ते कोणी रोग्यास पाजीत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचे कडे बशीत दिसले ते १९२८ साली. त्यानंतर तब्बल बारा वर्षांनी, २५ मे १९४० रोजी, ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिले, चौघांना दिले नाही. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते आणि औषध दिलेले जिवंत होते. या प्रयोगाचा सारा अर्थ त्या औषध न मिळालेल्या चार उंदरांत आहे. ते नसते, तर उरलेले चार आपसूक जगले की औषधाने, हे कोणास सांगता आले असते?

प्लेगच्या वर्षांत मुंबईने हाच धडा गिरविला होता. १८९६ साली आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. मग टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना केली. त्यांच्या प्रयोगशाळेलाच १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव आहे.

होमिओपॅथीचीही अशी निःपक्ष परीक्षा फार पूर्वी झाली आहे. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरी १८३५ साली, म्हणजे या पद्धतीचे जनक हानेमान हयात असताना, काही नागरिकांना बर्फ वितळवून केलेल्या पाण्याच्या किंवा तीस नंबरच्या मिठाच्या कुप्या देण्यात आल्या. कोणास काय मिळाले, हे घेणाऱ्यास ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यासही नव्हते. पन्नास जणांनी अनुभव कळविला. ४२ जणांना विशेष काही जाणवले नाही. ज्या आठांना काही जाणवले, त्यांतील पाच जणांनी औषध घेतले होते आणि तिघांनी नुसते पाणी! फरक एवढाच. पुढे २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने १७६ अभ्यास तपासून असा निर्णय दिला की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही रोगाबाबत आढळत नाही. क्षय, हिवताप, लहान मुलांचे जुलाब यांसारख्या आजारांत या औषधांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट केले होते.

मग वाचक विचारतील, वडिलांच्या गोळ्यांनी लोकांना बरे कसे वाटे? हा प्रश्न मीही अनेक रात्री स्वतःला विचारला. सर्दी, बहुतेक खोकले, पुष्कळसे ताप काही दिवसांनी आपोआप उतरतात. कोणीतरी अर्धा तास जवळ बसवून आपली व्यथा ऐकून घेतली, याने अर्धे दुखणे हलके होते. आणि हानेमान यांच्या काळी रोग्याचे रक्त काढणे, पाऱ्याची औषधे देणे हेच उपचार मानले जात; त्यांपुढे काहीही अपाय न करणारी गोळी श्रेयस्कर ठरली असेल, तर ते स्वाभाविक आहे. हानेमान यांनी त्या अघोरी उपचारांना विरोध केला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. वडील लबाड नव्हते. त्यांच्या ओसरीवर तुलनेची दुसरी बशी नव्हती, एवढेच.

दुसऱ्या बाजूची चूकही झाकता येत नाही. साध्या सर्दीला प्रतिजैविकाची गोळी, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या कपाटात, हे आपल्या घराघरांत चालते. त्यामुळे जंतू निर्ढावतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज लॅन्सेट या नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. भारत सरकारने २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर अधिक कडक नोंदणीचे बंधन घातले, ते याच कारणाने. नवी जंतुनाशके हवीत, ही गरज खरी आहे आणि म्हणूनच जुन्या पेट्यांतील बाटल्या कोणी तपासून पाहिल्या तर त्यात गैर काही नाही. मात्र तपासणी खरी हवी.

कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार १८६७ साली ॲलोपथी सोडून होमिओपॅथीकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी समव्यावसायिकांचा रोष पत्करला. पण त्याच गृहस्थांनी १८७६ साली विज्ञानाच्या उपासनेसाठी एक संस्था स्थापिली आणि तिच्याच प्रयोगशाळेत १९२८ साली रामन यांचा जगप्रसिद्ध शोध लागला. होमिओपॅथीवर श्रद्धा असणाऱ्या माणसालाही प्रयोगशाळेचे भय वाटत नव्हते. आपणही ते बाळगू नये.

मुलींच्या प्रदर्शनातील तक्त्यावर शेवटी पाचही चकत्यांची चित्रे होती. मद्यार्काचे आणि पाण्याचेही. मी आईला प्रदर्शन पाहावयास नेले. काठी टेकीत तिने सारे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या वडिलांचं औषध वाईट नव्हतं, वाट पाहणं वाईट होतं." मला वाटते, इतक्या थोडक्यात मला हा लेख लिहिता आला नसता.

पेटी अजून कोनाड्यात आहे. वडिलांची आठवण म्हणून ती टाकवत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूस मी आता एक चिठ्ठी चिकटविली आहे : तीन दिवसांपेक्षा अधिक टिकणारा ताप, मधुमेही माणसाच्या पायाची कोणतीही जखम, जुलाबाने मलूल झालेले मूल, धाप लागणे आणि छातीत दुखणे, यांपैकी काहीही असेल, तर पेटी उघडू नये, तत्काळ डॉक्टरांकडे जावे. ज्या वाचकांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी ही चिठ्ठी आपल्या अक्षरात उतरवून घ्यावी, एवढीच विनंती.